आपल्या घराला चूल कोणती?

बोईसरला लागून असलेल्या सरावलीच्या शिवारात उभे राहिले, की एका बाजूला तारापूर औद्योगिक वसाहतीची धुराडी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला भाताची खाचरे. कारखान्यांच्या धुराविषयी या भागात पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. पण भल्या पहाटे घरातल्या चुलीचा जो धूर कौलांतून झिरपत वर जातो, त्याच्याविषयी कोणी अर्ज करीत नाही. कारखान्याचे धुराडे निदान आकाशात उंच असते. चुलीचा धूर आधी भाकरी थापणाऱ्या बाईच्या तोंडावर येतो, मग तिच्या पाठीशी झोळीत निजलेल्या मुलावर जातो, आणि उरलासुरला छपराबाहेर पडतो.

आज या परिसरातल्या एकाच आळीत किती प्रकारची चूल सापडेल! कोणाकडे मातीची, सारवलेली, वैलाची चूल. शेजारी गॅस. खोल्या करून कामगारांना भाड्याने दिलेल्या असतील तर तिथे विजेची इंडक्शन शेगडी. एखाद्या गुरेवाल्याच्या परसात गोबर गॅस. आणि शहरात शिकून आलेली मुलगी म्हणते, "आई, आपण ओव्हन घेऊ या." दुकानदाराला विचारावे तर त्याच्याकडे जे असेल ते उत्तम. तेव्हा हा विचार आपला आपणच करावा, आणि तो वस्तूपासून नव्हे तर आपल्या घरापासून सुरू करावा. आपल्याकडे सरपण कोणते, माणसे किती, भाकरी किती, आंघोळीचे पाणी किती आणि हातात रोख पैसा कोणत्या महिन्यात असतो, एवढ्या गोष्टी धरल्या की निम्मे उत्तर मिळते.

धूर होतो कशाने?

लाकूड तापले की आधी त्यातले पाणी वाफ होऊन जाते, मग त्यातून जळणारे वायू निघतात. या वायूंना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर त्यांची ज्योत होते. नाही मिळाली तर त्यांचाच धूर होतो. म्हणजे डोळ्यांत जाणारा धूर हे न जळलेले सरपणच आहे. आपण मोळी डोक्यावरून आणतो आणि तिचा मोठा भाग छपरातून बाहेर सोडून देतो.

आपल्या साध्या मातीच्या चुलीत लाकडे जमिनीवरच पडलेली असतात. त्यांच्या खालून हवा जात नाही. म्हणून फुंकणी. फुंकणी मारली की ज्योत येते, थांबली की धूर येतो. अशा चुलीवर लाकडातल्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा, फार तर सातवा, भांड्यात उतरतो. बाकीची उष्णता चुलीच्या भिंती, घर आणि आकाश तापवते. लाकूड ओले असेल तर आणखी वाईट. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. चिकूची छाटणी, आंब्याच्या फांद्या, नारळाच्या झावळ्या, जे काही असेल ते उन्हाळ्यात फोडून, उभे रचून, मे संपण्यापूर्वी पडवीत छपराखाली गेले पाहिजे. ज्या घरात हे झाले नाही त्या घरात आषाढात कोणतीही चूल आणा, ती धुमसणारच. मनगटाएवढ्या जाड ढलप्या कराव्यात. ओंडका घातला की तो नुसता तापत बसतो.

धुराचे नुकसान किती, हे आकड्यांत सांगितल्याशिवाय घरातली कर्ती माणसे हलत नाहीत, म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या अशा धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुले दोन लाखांहून जास्त होती. मुलांना न्यूमोनिया होतो, मोठ्यांना दम्यासारखा कायमचा श्वासाचा विकार आणि हृदयविकार. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो. गरोदर बाईने रोज धूर खाल्ला तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. आपल्या घरांत म्हाताऱ्या बायकांचा खोकला "वयाचा" म्हणून सोडून दिला जातो. तिने आयुष्यात कधी विडी ओढली नसेल, पण पन्नास वर्षे चुलीपुढे बसली असेल, हे कोणी हिशेबात घेत नाही.

सुधारलेली चूल: लोकांनी ती का मोडली?

धूर घराबाहेर काढणाऱ्या चुलीचा विचार नवा नाही. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कामातून वर्ध्याच्या मगनवाडीत मगनचूल निघाली. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, जी डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली सुरू केली, सिमेंटच्या साच्यातल्या धुराड्याच्या चुली कुंभारांना आणि बचत गटांना शिकवल्या.

मग त्या तीन कोटी चुली गेल्या कुठे? पुष्कळशा मोडल्या, पुष्कळ बाजूला पडल्या. कारणे ऐकण्यासारखी आहेत. चूल बसवायला आलेला माणूस घरातल्या पुरुषाशी बोलला, चुलीपुढे बसणाऱ्या बाईशी नाही. चुलीचे तोंड ठरलेल्या मापाचे. आपला भाताचा टोप त्यावर बसेना, म्हणून बाईने विळ्याने तोंड मोठे केले. तोंड मोठे झाले की धूर पुढून येऊ लागला. धुराड्यात काजळी साठली, ती काढायची असते हे कोणी सांगितले नव्हते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे भाकरी. तांदळाची भाकरी तव्यावरून उतरली की निखाऱ्यापुढे उभी करून शेकावी लागते, तेव्हा ती फुगते. बंदिस्त चुलीला पुढे निखारे ओढायला जागाच नव्हती. म्हणजे कागदावर चूल उत्तम, पण जेवणात भाकरी कच्ची.

आज अशी चूल घ्यायची किंवा बसवायची असेल तर पाहण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. लाकडाखाली लोखंडी जाळी हवी, म्हणजे खालून हवा जाईल आणि राख खाली पडेल. दोन तोंडे असली तर मागच्या तोंडावर झाकण किंवा भांडे कायम हवे, नाहीतर धूर तिथूनच निघेल. आपल्या घरातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान टोप, तवा आणि काटवट घेऊन जावे आणि बसवून पाहावे. जमल्यास शेजारच्या गावात जिच्याकडे अशी चूल दोन पावसाळे काढून उभी आहे, तिच्या घरी जाऊन स्वतः दोन भाकऱ्या भाजाव्यात. नव्या चुलीपेक्षा जुनी झालेली चूल खरे बोलते.

धुराडे कौलांच्या किंवा पत्र्याच्या वर दोन-तीन फूट गेलेच पाहिजे आणि त्यावर टोपी हवी. टोपी नसेल तर आपल्याकडच्या पावसात पाणी सरळ चुलीत येते आणि पहिल्याच श्रावणात चूल फुटते. पूर्वी यासाठी अॅस्बेस्टॉसचे नळ वापरीत. ते आता वापरू नयेत, त्याचे तंतू फुप्फुसाला घातक आहेत. पत्र्याचा किंवा भाजलेल्या मातीचा नळ चालतो. छप्पर गवताचे किंवा झावळ्यांचे असेल तर नळ आणि छप्पर यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा ठेवून तिथे पत्रा लावावा. महिन्यातून एकदा लांब काठीला चिंधी बांधून काजळी झाडावी. हे काम घरातल्या मुलाला द्यावे. वर चढणे त्यालाच आवडते.

सासूबाई इथे एक अडचण काढतील, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. धुराने छपराला कीड लागत नाही. चुलीवरच्या फळीवर ठेवलेले बियाणे आणि सुकी मासळी पावसाळ्यात सादळत नाही. हे खरे आहे. धूर घराबाहेर गेला की या गोष्टींची सोय वेगळी करावी लागते. सुके बोंबील कडक उन्हात पुन्हा तापवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. बियाणे नीट वाळवून हवाबंद पिंपात ठेवावे. गवताचे छप्पर मात्र लवकर शाकारावे लागेल. हे आधीच ठाऊक असलेले बरे, म्हणजे पुढच्या वर्षी नव्या चुलीला बोल लागत नाही.

गॅस परवडतो का, हे कसे ठरवावे?

घरगुती गॅस आपल्याकडे पहिल्यांदा १९५५ साली मुंबईत आला. तिथून शंभर किलोमीटरवरच्या आपल्या खेड्यांत तो नेमाने यायला दोन पिढ्या गेल्या. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतल्या बायकांच्या नावाने जोडण्या मिळू लागल्या. बाईच्या नावाने, ही त्यातली चांगली गोष्ट. पण जोडणी मिळणे वेगळे आणि दुसरे, तिसरे, चौथे सिलिंडर भरणे वेगळे. पुष्कळ घरांत सिलिंडर कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेले असते आणि पाहुणे आले की चहापुरते पेटते.

भाव वर-खाली होत असतात, म्हणून इथे रुपये लिहीत नाही. त्याऐवजी एक हिशेब देते, तो कोणत्याही वर्षी उपयोगी पडेल. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून भांड्यात जेवढी उष्णता उतरते, तेवढी जुन्या मातीच्या चुलीवर उतरवायला सुमारे दोनशे किलो वाळलेले लाकूड लागते. चांगल्या सुधारलेल्या चुलीवर त्याच्या निम्मे, म्हणजे शंभर किलोच्या आसपास. आता आपल्या गावात लाकडाचा किलोचा भाव काय आहे तो पाहा, त्याला दोनशेने गुणा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून पाहा. लाकूड विकत घेणाऱ्या घराला गॅस पुष्कळदा वाटतो तितका महाग पडत नाही.

आणि ज्यांना लाकूड फुकट मिळते? त्यांनी मोळीच्या फेऱ्या मोजाव्यात. घरात रोज किती लाकूड जळते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. सात दिवस एक प्रयोग करावा. सकाळी एक भारा तोलून वेगळा ठेवावा, दिवसभर त्यातलेच लाकूड वापरावे, रात्री उरलेले तोलावे. सात दिवसांची बेरीज करून साताने भागावी. पाच-सहा माणसांच्या घरात आकडा पाहून डोळे उघडतात. त्यातले किती स्वयंपाकाचे आणि किती आंघोळीच्या पाण्याचे, हेही वेगळे मोजावे. ते पुढे कामाला येईल. मग विचारावे: एवढ्या लाकडासाठी आठवड्याचे किती तास गेले, आणि लावणीच्या दिवसांत त्याच तासांची मजुरी किती झाली असती?

गॅसची शेगडी घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. त्या चिन्हाच्या शेगडीने किमान ६८ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे असा नियम आहे. काचेचा चकचकीत वरचा भाग शहरातल्या ओट्यावर शोभतो. आपल्याकडे दहा लिटरचा टोप आदळला जातो; स्टीलची, रुंद पायांची शेगडीच बरी. ज्योत निळी हवी. ती पिवळी होऊन भांड्याला काजळी लागू लागली तर बर्नरची भोके तुंबली आहेत असे समजावे आणि ती दाभणाने नव्हे, ब्रशने साफ करावीत. दाभणाने भोक मोठे होते. भाकरीसाठी तारेची जाळी मिळते. तिच्यावर तांदळाची भाकरी चांगली फुगते. चव निखाऱ्याची येत नाही, हे मान्य.

इथे एक धोक्याची गोष्ट अगदी जोर देऊन सांगायची आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, जमिनीसरसा पसरतो. आणि आपली चूल कुठे असते? जमिनीवर. एकाच खोलीत गॅस आणि पेटती चूल असणे म्हणजे संकटाला बोलावणे आहे. चूल पडवीत किंवा न्हाणीजवळ न्यावी, गॅस आत ठेवावा, आणि आतल्या खोलीला जमिनीलगत हवा जायला एक झरोका हवा. सिलिंडर नेहमी उभे. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ओट्यावर. रबरी नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षांनी ती बदलावी. उंदराने कुरतडलेली दिसली तर त्याच दिवशी. वास आला तर दिवा लावू नये, विझवूही नये. रेग्युलेटर बंद करून दारे उघडून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक भिंतीवर खडूने लिहून ठेवण्याजोगा आहे.

गुरे असतील तर

गोबर गॅसचे मूळ आपल्या मुंबईचेच म्हणावे लागेल. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून वापरला गेला होता. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने तरंगत्या लोखंडी टाकीचा प्लँट खेड्यांत नेला, आणि १९८४ साली 'दीनबंधू' नावाचा, जमिनीतला, विटांच्या घुमटाचा स्वस्त प्रकार आला.

हिशेब सरळ आहे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. पाच-सहा माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटरचा प्लँट पुरतो, आणि त्याला रोज ५० किलो शेण लागते. म्हणजे गोठ्यात बांधलेली चार-पाच मोठी जनावरे. दिवसभर माळावर चरणाऱ्या गुराचे निम्मे शेण माळावरच पडते, ते धरू नये. प्लँट नीट चालला तर सोळा-सतरा दिवसांत एका सिलिंडरएवढे काम देतो. कोकणपट्टीतली उबदार हवा त्याला मानवते. घाटावरच्या थंडीत गॅस जसा उतरतो तसा इथे फारसा उतरत नाही.

मग आपल्याकडे तो जास्त का नाही? एक कारण पाणी. समुद्राजवळच्या गावांत पावसाळ्यात दोन हात खणले की पाणी लागते. अशा जागी खड्ड्याचा प्लँट उंचवट्यावरच घ्यावा किंवा घेऊच नये. दुसरे कारण राब. भाताच्या रोपवाटिकेत पालापाचोळा, फांद्या आणि शेणी अंथरून भाजण्याची आपली जुनी रीत. उन्हाळाभर जमवलेले शेण एका दुपारी जळून जाते, मग प्लँटच्या तोंडात घालायला उरते काय? ज्या शेतकऱ्याने राब सोडून गादीवाफ्यावर रोपे करायला सुरुवात केली त्याच्याकडे शेणही उरते आणि फांद्याही उरतात. प्लँटमधून बाहेर पडणारी मळी शेतात जातेच. तिच्यातले खत गेलेले नसते, फक्त गॅस निघालेला असतो. शेणाच्या गोवऱ्या जाळणाऱ्या घरात मात्र खतही जाते आणि धूरही सर्वांत दाट होतो. गोवरी ही चुलीतली सर्वांत महाग वस्तू आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन सूचना. सिलिंडरची शेगडी गोबर गॅसला चालत नाही, त्याची वेगळी शेगडी मिळते. आणि शेण कालवण्याचे काम रोज कोण करणार हे प्लँट बांधण्याआधी ठरवावे. ते ठरले नाही तर तेही काम चूल फुंकणाऱ्या बाईच्याच वाट्याला येते.

गुरे नसतील पण घरात खरकटे, सडकी फळे, शिळा भात रोज निघत असेल, तर 'आरती'ने केलेला प्लास्टिकच्या टाक्यांचा लहान प्लँट पाहण्यासारखा आहे. त्याला २००६ साली इंग्लंडचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. रोज दोन-चार किलो खरकट्यावर तो सकाळचा चहा आणि एखादी भाजी करून देतो. सगळा स्वयंपाक त्यावर होईल अशी आशा धरू नये.

वीज

तारापूरला १९६९ पासून अणूची वीज तयार होते. पण आपल्याला विचार करायचा तो एवढाच, की संध्याकाळी सात वाजता आपल्या स्वयंपाकघरातल्या खटक्यात ती असते की नाही. असेल तर इंडक्शन शेगडी ही मोठी सोय आहे. धूर नाही, ज्योत नाही, भांड्याचा तळच तापतो, त्यामुळे दहातली आठ हिस्से उष्णता कामी येते. पाच लिटर पाणी उकळायला साधारण अर्धे युनिट पुरते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या दोघा-तिघांच्या कुटुंबाला याहून स्वस्त आणि सुटसुटीत काही नाही.

शेतकऱ्याच्या घरात तिच्या अडचणी दिसतात. भांडे सपाट बुडाचे आणि लोहचुंबक चिकटेल असेच हवे. आपले अॅल्युमिनियमचे टोप, तांब्याचा हंडा, मातीचे कालवणाचे मडके, सगळे बाद. एक चुंबक खिशात घालून दुकानात जावे. शेगडी बहुधा २००० वॅटची असते. तिला मोठा, जाड तारेचा, अर्थिंग असलेला खटका हवा. दिव्याच्या तारेवर ती लावली की तार भिंतीतच तापते. जुनी वायरिंग असेल तर आधी तारा बदला, मग शेगडी आणा.

आंघोळीचे पाणी

वर सांगितलेला तोलण्याचा प्रयोग ज्यांनी केला असेल त्यांना हे कळले असेल, की घरातल्या लाकडाचा बराच मोठा हिस्सा आंघोळीच्या पाण्याखाली जातो. त्या पाण्यासाठी सिलिंडर जाळणे मला पटत नाही. पाणी तापवायला बंब हवा. त्याच्या मधल्या नळातून आग वर चढते आणि चोहोबाजूंनी पाणी असते, म्हणून काटक्या, करवंट्या, झावळीचे देठ, भाताचे तूस, काहीही थोडक्यात भागते. बंब उघड्यावर, न्हाणीबाहेर ठेवावा. ज्यांच्या छपरावर ऊन येते त्यांनी काळा रंग दिलेली टाकी ठेवली तरी दुपारपर्यंत पाणी कोमट होते. एवढे केले आणि डाळ रात्री भिजत घातली, भात-डाळ प्रेशर कुकरमध्ये लावली, टोपावर झाकण ठेवले, की नवी चूल घेण्याआधीच लाकूड पुष्कळ वाचते. कुकरला चूल कोणती हे चालते. शिट्टी झाली की जाळ कमी करायचा एवढे लक्षात ठेवावे.

सूर्यचूल, म्हणजे काचेच्या झाकणाची काळी पेटी, दिवाळीपासून मेअखेरपर्यंत फार गुणाची. सकाळी नऊला डाळ-भात मांडून शेतावर जावे, बाराला येऊन जेवावे. पावसाळ्यात तिचा उपयोग कोंबड्यांची अंडी ठेवायला. भाकरी आणि फोडणी तिच्यावर होत नाही.

आणि ओव्हन?

मुलीच्या हट्टाकडे येऊ. ओव्हन म्हणजे चारी बाजूंनी कोरडी उष्णता देणारी पेटी. ही कल्पना आपल्याला नवी नाही. तव्यावर केळीच्या पानात पानगी लावून वर झाकण आणि झाकणावर निखारे ठेवतो, तो ओव्हनच झाला. गोव्यात पावाची लाकडाची भट्टी आजही पेटते. उकडहंडीचे मडके विस्तवात ठेवणाऱ्या आपल्या भागातल्या घरांना तर हे सांगायलाच नको.

दुकानात तीन प्रकार दाखवतील. पहिला, तापणाऱ्या दांड्यांचा लहान ओव्हन, ज्याला ओटीजी म्हणतात. नानकटाई, पाव, केक, भाजलेली मासळी यांवर चांगली होते. किमतीने कमी, दुरुस्तीला सोपा. दुसरा मायक्रोवेव्ह, तो पदार्थातल्या पाण्यालाच तापवतो, म्हणून शिळे अन्न चटकन गरम होते, पण नानकटाई पांढरीच राहते. तिसऱ्यात दोन्ही सोयी असतात आणि किंमतही दोघांची असते. चार-पाच माणसांच्या घराला पंचवीस ते तीस लिटरचा ओटीजी पुरे. आत हात घालून पाहावा, पलीकडचा कोपरा धुता येतो का. मुलगी नानकटाई करून बोईसरच्या बाजारात विकणार असेल तर ओव्हन घ्यावा, तो पैसे फेडील. नुसता वाढदिवसाच्या केकसाठी असेल तर कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी वाळू घालून, मंद आचेवर केक होतो. आधी सहा महिने तसा करून पाहा.

राहता राहिले कोणी काय घ्यावे. बोईसरजवळच्या, लाकूड विकत घेणाऱ्या घराने गॅस मुख्य धरावा आणि भाकरीला व मोठ्या कार्याला पडवीत एक धुराड्याची चूल ठेवावी. चार-पाच गुरे बांधणाऱ्याने गोबर गॅसचा विचार सर्वांत आधी करावा. दूरच्या पाड्यावर, जिथे सिलिंडर आणायला अर्धा दिवस जातो आणि लाकूड दाराशी आहे, तिथे जाळीची, धुराड्याची चूल हेच पहिले पाऊल. सोबत लहान पाच किलोचे सिलिंडर मिळत असेल तर पहाटेच्या चहाला, बाळंतिणीच्या पाण्याला आणि पावसाळ्यातल्या आजारपणाला ते राखून ठेवावे. लग्नकार्याच्या मोठ्या टोपाला मात्र अंगणात तीन दगडांचे चुलाण लागणारच. त्याला कोणी हसू नये. फक्त ते वाऱ्याची बाजू पाहून मांडावे, आणि पोरे जवळ खेळत नाहीत ना याकडे एका जाणत्या माणसाने लक्ष ठेवावे.